८० टक्के हवाबंद

घरभर थंड-गरम हवा नेणारा डक्ट हवाबंदच हवा, असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा हट्ट नाही. तो 'बऱ्याच अंशी हवाबंद' असला तरी चालतो. कारखान्यात तयार होणाऱ्या घरांसाठी तिथल्या गृहनिर्माण खात्याचं जे नियमपुस्तक आहे, त्यात याची रीतसर परीक्षा लिहिलेली आहे. खोल्यांत हवा सोडणाऱ्या सगळ्या जाळ्या बंद करायच्या आणि पंखा पूर्ण वेगाने सोडायचा. हवा तापवणाऱ्या फर्नेसच्या पेटीची तोंडं बंद असताना तिच्यात जेवढा दाब भरतो, त्याच्या किमान ८० टक्के दाब डक्टमध्ये राहिला की डक्ट पास.

'बऱ्याच अंशी प्रामाणिक' असलेल्या रोखपालाच्या हाती कोणी तिजोरीची किल्ली देणार नाही. इथे मात्र त्याला प्रमाणपत्र मिळतं.

या परीक्षेची खुबी अशी की तिच्यात दाब मोजतात. किती हवा वाटेत सांडली, हे विचारतच नाहीत. पंखा दांडगा असला की भोकं असतानाही दाब बऱ्यापैकी टिकतो. शिवाय परीक्षा होते कारखान्यात. घर अजून रस्त्यावर आलेलं नाही, हादरे खाल्लेले नाहीत, आणि जी नळी सर्वांत जास्त गळणार आहे ती तर अजून लावलेलीच नाही. परीक्षार्थी वर्गात यायच्या आधीच निकाल जाहीर.

अशा घरांत राहणारे लोक सुमारे दोन कोटी आहेत. पूर्वी या घरांना 'मोबाइल होम' म्हणत. १९७४ साली कायदा झाला, १५ जून १९७६ पासून केंद्राचे बांधकाम नियम लागू झाले आणि ती 'मॅन्युफॅक्चर्ड होम' झाली. पोलादी चासीवर अख्खं घर उभं राहतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपाटं, दिवे सगळं आतच बसवलेलं. मग ते ट्रकला जोडून महामार्गाने निघतं. लहान घर एका तुकड्यात जातं. मोठ्या घराची दोन अर्धुकं निघतात, ती जागेवर नेऊन एकमेकांना चिकटवायची. प्रत्येक तुकड्यावर लाल रंगाची एक धातूची पट्टी ठोकलेली असते. हे घर कारखान्यातून निघताना नियमात बसत होतं, एवढं ती सांगते. पोचल्यावर बसतं का, ते तिला कोणी विचारू नये.

केंद्राचा नियम लागू झाला की स्थानिक बांधकाम नियम गप्प बसतात, हीही गंमत लक्षात ठेवावी. पलीकडच्या प्लॉटवर विटा-लाकडाचं घर उठत असेल, तर गावचा निरीक्षक त्याच्या डक्टची गळती राज्याच्या नियमाप्रमाणे तपासू शकतो. चाकांवरून आलेल्या घराच्या बांधणीला मात्र तो हात लावू शकत नाही. ते थेट वॉशिंग्टनचा जावई आहे.

आता जरा खाली वाकून बघू, कारण यातली प्रत्येक भानगड खालीच आहे.

या घरांत थंड-गरम हवेचा मुख्य डक्ट बहुतेक वेळा घराच्या तळाच्या पोटात असतो. फर्नेस एका कपाटात उभी, तिचं तोंड खाली. तिथून हवा एका लांबलचक पत्र्याच्या पेटीत उतरते आणि ती पेटी घराच्या लांबीभर धावते. प्रत्येक खोलीत त्या पेटीला वरून चौकोनी भोक पाडतात, पत्र्याची बाही घालतात, पत्र्याच्या जिभा दुमडतात आणि वर जाळी बसवतात. या सगळ्याच्या खाली इन्शुलेशन, आणि त्याच्याही खाली ताडपत्रीसारखं एक काळं आवरण. उंदीर-घुशी वर येऊ नयेत म्हणून. उंदरांना अर्थात हा नियम वाचून दाखवलेला नाही.

गळायच्या जागा पाठ म्हणाव्यात इतक्या ठरलेल्या आहेत. फर्नेस आणि डक्ट यांचा जोड, डक्टला पाडलेलं प्रत्येक भोक, बाही आणि घराचा तळ यांच्यातली फट, डक्टच्या दोन टोकांची झाकणं. या झाल्या कारखान्यात बसवलेल्या गळत्या.

दोन तुकड्यांच्या घरात आणखी एक मानाची गळती असते. दोन्ही अर्धुकांत एकेक डक्ट, पण फर्नेस एकाच बाजूला. म्हणून दोन डक्टना जोडणारी एक लवचीक नळी घराखालून, मोकळ्या हवेतून नेतात. ती जोडायची जागेवर, मातीत पाठीवर झोपून, संध्याकाळच्या आत. पुस्तकाप्रमाणे ती नळी जमिनीपासून उचलून पट्ट्यांनी टांगलेली हवी, ताणलेली हवी, कुठे चेपलेली नको, आणि पत्र्याच्या गळ्यावर पक्की आवळून लेप लावलेली हवी. प्रत्यक्षात अनेक घरांत ती जमिनीवर लोळते. पावसात भिजते, कोपऱ्यावर मुडपते, मांजर तिच्यावर वितं. एखाद दिवशी गळ्यातून निसटते. मग पंखा इमानेइतबारे घराखालची माती थंड करत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

वर घरात बसलेल्या मालकीणबाईंना यातलं काही दिसत नाही. अर्धं घर थंड, अर्धं तापलेलं, एवढंच कळतं. त्या थर्मोस्टॅट आणखी खाली ओढतात. बिल वर जातं. वीज कंपनी बिलासोबत पत्रक धाडते: दिवे बंद करा, थर्मोस्टॅट जरा वर ठेवा, शिस्त बाळगा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पण सांडलेल्या हवेचा हिशेब सांडण्यावर संपत नाही. तीन टनांच्या एसीचा पंखा मिनिटाला साधारण १,२०० घनफूट हवा ढकलतो. समजा तिचा दहावा हिस्सा डक्टमधून घराबाहेर गेला. म्हणजे पंखा घरातून १,२०० घनफूट हवा ओढतोय आणि परत देतोय १,०८०. घरातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, आणि ती तूट घर मिळेल तिथून भरून काढतं. खिडकीच्या चौकटीतून, दिव्याच्या खोबणीतून, भिंतीतल्या प्लगमधून बाहेरची गरम, दमट हवा आत येते. तीही आता थंड करायची. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं.

यात भर घालते बेडरूमचं दार. बऱ्याच घरांत हवा आणायला प्रत्येक खोलीत डक्ट असतो, पण परत न्यायला एकच वाट, फर्नेसच्या कपाटाच्या दाराला पाडलेल्या झरोक्यांची. रात्री बेडरूमचं दार लागलं की त्या खोलीत हवा कोंडते आणि बाहेरची खोली उपाशी राहते. उपाय काय? दारावर किंवा भिंतीत एक जाळी. त्यासाठी नवं संशोधन लागत नाही, करवत लागते.

फ्लोरिडात या सगळ्याचा परिणाम भिंतींवर उमटला. तिथल्या सोलर एनर्जी सेंटरच्या संशोधकांनी २००० सालाच्या आसपास अशा घरांची तपासणी केली. जिप्समच्या भिंती मऊ पडत होत्या आणि मागून बुरशी चढत होती. छप्पर ठीक, नळ ठीक, मग पाणी कुठलं? पाणी हवेतलं. गळक्या डक्टमुळे घर बाहेरची दमट हवा भिंतींतून ओढत होतं. भिंतीच्या आतल्या अंगाला व्हिनाइलचं गुळगुळीत आवरण, त्यातून वाफ पुढे जाईना. थंड झालेल्या बोर्डामागे ओल धरे आणि बोर्डाचा लगदा होई. घरमालक उकडतंय म्हणून थर्मोस्टॅट खाली ओढी, भिंत आणखी गार होई, ओल आणखी वाढे. पैसे देऊन स्वतःची भिंत भिजवण्याची ही सोय होती.

आता या गोष्टीतला खरा चमत्कार. भिंती खराब झाल्यावर लोक वॉरंटी घेऊन कारखान्याच्या दारात गेले. दुरुस्तीचा खर्च पहिल्यांदाच बांधणाऱ्याच्या खिशातून जायला लागला. आणि काय आश्चर्य, काही कारखान्यांना डक्ट बंद करायची पद्धत लगेच समजली. टेपच्या जागी लेप आला. जोडावर जाळीची पट्टी ठेवायची आणि ब्रशने जाड मलम फासायचं, त्याला मॅस्टिक म्हणतात. वाळलं की घट्ट बसतं. कामगाराला शिकवायला फार वेळ लागत नाही, आणि त्या वेळी डक्ट उघडाच समोर असल्यामुळे पाठीवर झोपावंही लागत नाही. विजेचं बिल वाढत होतं, तोवर हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या गुंतागुंतीचा होता. वॉरंटीचं बिल आलं आणि तो ब्रशने सुटला.

लेप नव्हता तोवर मदार कोणावर होती? डक्ट टेपवर. नावातच डक्ट असल्यामुळे त्याच्या लायकीची चौकशी कोणी केली नाही. ती १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि आयन वॉकर यांनी केली. डक्टच्या जोडांवर बाजारातले नाना प्रकारचे टेप आणि लेप लावले, त्यांना ताप-थंडीचे फेरे दिले. सपशेल नापास झाला तो कापडी पाठीचा, रबरी गोंदाचा डक्ट टेप. म्हणजे बादली, बूट, खुर्ची, मोटारीचा आरसा, सगळ्याला चालणारा हा टेप एका डक्टला तेवढा चालत नाही. पुढे कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा नियमांनी त्याच्या एकट्याच्या भरवशावर डक्ट सोडायला मनाई केली. इतरत्र तो गोंद वाळेपर्यंत, म्हणजे विक्रेता दृष्टीआड होईपर्यंत, चोख काम करतो.

आता कायद्याकडे वळू. विनोद तिथेही भरपूर आहे.

घराच्या नियमांचा मालक गृहनिर्माण खातं. ऊर्जेच्या बाबतीतली त्याची शेवटची मोठी सुधारणा १९९४ सालची. २००७ साली अमेरिकेच्या संसदेला वाटलं, या घरांच्या ऊर्जेचे नियम ऊर्जा खात्याने करावेत. कायदा केला, चार वर्षांची मुदत दिली. २०११ उजाडलं आणि मावळलं. २०१६ साली मसुदा आला आणि बारगळला. २०१७ साली सिएरा क्लब या पर्यावरण संस्थेने खात्याला कोर्टात खेचलं. अखेर मे २०२२ मध्ये नियम जाहीर झाला. चार वर्षांचं काम झालं पंधरा वर्षांत.

त्या नियमात डक्टसाठी एक सरळ आकडा आहे. घराच्या दर १०० चौरस फुटांमागे मिनिटाला ४ घनफूट, यापेक्षा जास्त गळती नको. १,००० चौरस फुटांच्या घरात ४० घनफूट. म्हणजे अखेर कोणीतरी दाब सोडून हवाच मोजायचं ठरवलं. ही मोजणीही अवघड नाही. सगळ्या जाळ्या बंद करून एका छोट्या पंख्याने डक्टमध्ये २५ पास्कल दाब धरायचा. तो टिकवायला पंख्याला जेवढी हवा ढकलावी लागते, तेवढी गळती. यंत्र थापा मारत नाही, म्हणून फारसं आवडत नसावं.

नियम ३१ मे २०२३ पासून लागू व्हायचा होता. तो दिवस उगवायच्या आत तारीख पुढे गेली. दोन तुकड्यांच्या मोठ्या घरांना तेव्हा १ जुलै २०२५ ही तारीख मिळाली, आणि एका तुकड्याच्या लहान घरांना अंमलबजावणीची पद्धत ठरल्यानंतर साठ दिवसांनी. पद्धत कधी ठरणार? ठरल्यावर. सरकारी कामातली ही एकमेव गोष्ट खऱ्या अर्थाने हवाबंद असते.

या नियमात दयाळूपणाचाही एक खण आहे. लहान घरं गरीब घेतात, म्हणून त्यांच्या भिंती-छपरांच्या इन्शुलेशनची अट सैल ठेवली. घर महाग होऊ नये म्हणून. घर एकदाच घ्यायचं असतं आणि बिल दर महिन्याला यायचं असतं, हे हिशेबात धरलं की या दयेचा अर्थ उलगडतो. खरेदीच्या दिवशी गरिबाचे पैसे वाचवायचे आणि पुढची वीस वर्षं ते हप्त्याहप्त्याने परत घ्यायचे. त्यातून अनेकांच्या घराखालची जमीन भाड्याची. घर स्वतःचं, जागा दुसऱ्याची, आणि थंडावा घराखालच्या उंदरांचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

'परवडणारी घरं' हा शब्द उच्चारला की अमेरिकेत सगळे टोपी काढतात. कारखानदार म्हणतो, आणखी नियम आले तर घर महागेल आणि गरीब बेघर होईल. या धंद्याला पैशाचा हिशेब येत नाही, असं म्हणायची मात्र सोय नाही. त्यातली मोठी कंपनी क्लेटन होम्स २००३ पासून वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या ताब्यात आहे. व्याजावर व्याज कसं चढतं, हे ज्या घराण्याने जगाला शिकवलं, त्याच्या अंगणातल्या धंद्याला गळतीवर गळती कशी चढते हे कळत नसेल, असं मानणं उद्धटपणा होईल.

सगळ्यांत देखणा योगायोग १९७६ सालचा. त्याच साली दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, कारखान्यातल्या घरांचे केंद्रीय नियम. दुसरी, अल्प उत्पन्न गटाची घरं ऊर्जेच्या दृष्टीने दुरुस्त करायची केंद्रीय योजना, वेदरायझेशन नावाची. एका सरकारी हाताने घराला लाल पट्टी लावायची, दुसऱ्याने काही वर्षांनी डोक्याला दिवा बांधून त्याच घराखाली सरपटत जायचं. काळं आवरण फाडायचं, डक्ट शोधायचा, सुटलेली नळी जोडायची, मलम फासायचं, आवरण पुन्हा शिवायचं. कारखान्यात कमरेच्या उंचीवर जे उभ्याउभ्या झालं असतं, ते इथे कोळ्याच्या जाळ्यात तोंड घालून करायचं, आणि तेही करदात्यांच्या पैशाने. दोन्ही योजना अजून चालू आहेत. एकीमुळे दुसरीला काम कमी पडत नाही.

आणि उपाय? तो कोणापासून लपलेला नाही. डक्ट सरळ आणि योग्य मापाचा ठेवा. प्रत्येक जोडावर टेपऐवजी लेप लावा. दोन अर्धुकांना जोडणारी नळी घराखालच्या मातीतून काढून घराच्या तळाच्या जाडीतून न्या. दोन्ही बाजूंची तोंडं समोरासमोर आणि मध्ये दाबून बसणारं रबर, असे जोड केव्हाचे बनलेले आहेत. बंद खोलीतून हवा परत यायला जाळी द्या. घर जागेवर बसवल्यानंतर, कारखान्यात नव्हे, पंखा लावून गळती मोजा. आणि जमत असेल तर डक्टच काढून टाका. भिंतीवरचा स्प्लिट एसी लहान घराला पुरतो, तशी प्रयोगघरं अमेरिकेतही बांधून झाली आहेत. ठाण्या-पुण्याच्या वाचकाला यात काही शोध लावल्यासारखं वाटणार नाही. त्याच्या बेडरूममध्ये तो डबा किती वर्षं टांगलेला आहे.

यातलं एकही काम अवघड नाही, महाग तर त्याहून नाही. अडचण एकच. जो डक्ट बांधतो तो बिल भरत नाही, जो नळी जोडतो तो पुन्हा त्या घरात येत नाही, जो परीक्षा घेतो तो घर निघायच्या आधी घेतो, आणि जो बिल भरतो त्याला डक्ट दिसत नाही. चौघंही आपापल्या जागी बऱ्याच अंशी बरोबर आहेत.

फ्लोरिडातल्या भिंतींनी उत्तर केव्हाच देऊन ठेवलं आहे. नवा नियम करू नका, तारखाही बदलत बसू नका. नव्या घराची पहिल्या पाच वर्षांची विजेची बिलं बांधणाऱ्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा. देशातला प्रत्येक डक्ट शंभर टक्के हवाबंद व्हायला एक आठवडा पुरेल.